जेवण पळवणाऱ्या आत्याबाई

किहीमपासून रेवसपर्यंत सगळे आचारी जिला वचकून असतात आणि सगळ्या मांडवांत जिला आमंत्रणावाचून आत घेतात, अशी एकच बाई आहे आणि ती नेमकी माझ्या बायकोची आत्या आहे. यात माझा काही दोष नाही. लग्न, मुंज, रिसॉर्टमधला वाढदिवस, जिथे पातेली उरतात तिथे आत्याबाई टेम्पो घेऊन हजर. उरलेलं अन्न एका संस्थेतर्फे आतल्या गावातल्या वृद्धाश्रमात पोचवायचं, एवढंच त्यांचं काम. पण थाट असा, की गड सर करायला निघाल्यात. पर्समध्ये स्वतःची पळी. प्रत्येक पदार्थ आधी स्वतः खाऊन बघणार. एका बड्या यजमानाचं पनीर त्यांनी भर मांडवात परत केलं. "आंबलंय हे. आमच्या आजींकडे पैसे नाहीत, जीभ आहे!" दुसऱ्या एकाला म्हाताऱ्यांच्या हातात लाडू ठेवतानाचा फोटो हवा होता. आत्याबाईंनी त्यालाच आजोबांशेजारी बसवून पान वाढलं. "जेवा आता. घास तोंडात असताना काढते फोटो." तो फोटो अजून कुठे छापून आलेला नाही.

अशा बाईकडून चूक झाली, आणि मी साक्षीला होतो, हे माझं भाग्य. एका लग्नात मुलीची पाठवणी झाली, घरची माणसं गाडीमागे रस्त्यापर्यंत गेली, हॉल रिकामा दिसला. आचारी म्हणाला, "झाल्या पंगती." आत्याबाईंनी होतं नव्हतं ते टेम्पोत भरलं. जावई म्हणून माझा मान असा, की वालाच्या बिरड्याचं गरम पातेलं माझ्या मांडीवर. आश्रम जवळ आला आणि फोन वाजला. मुलीचा काका गरजत होता, "अहो बाई, आमची वहिनी सकाळपासून उपाशी आहे! आधी कन्यादानाचा उपास, मग पाहुणे, मग पाठवणी. घरच्या बायका आत्ता कुठे बसणार होत्या आणि तुम्ही जेवण पळवलंत?"

टेम्पो थांबला. "आत्या, मागं फिरवू काय?" ड्रायव्हरने विचारलं. फिरवायचा कसा? आज चूल पेटवू नका, असा निरोप आश्रमात आम्हीच दिलेला. जेवणाआधीच्या मधुमेहाच्या गोळ्या घेऊन म्हातारी माणसं पानावर बसलेली असणार. आत्याबाईंनी पर्समधली पळी बाहेर काढली आणि तशीच परत ठेवली. मी त्यांना असं गोंधळलेलं पहिल्यांदाच पाहत होतो. मला बिरड्यापेक्षा जास्त चटका त्याचा बसला. मग फोन तोंडाशी धरून त्या म्हणाल्या, "चूक माझी. पण जेवण मागे येणार नाही. बायकांना इकडे पाठवा."

"लग्नघरच्या बायका आश्रमात जेवणार? लोक काय म्हणतील?"

"लोक जेवून गेले. बायका राहिल्यात. त्यांना विचारा!"

पलीकडे गलका उडाला. मग एका बाईचा थकलेला आवाज आला, "पत्ता सांगा." ती मुलीची आई होती.

आणि आल्या की! मिनीडोर रिक्षांमध्ये दाटीवाटीने, पैठण्या खोचून. मागून काकाही आले, तोंड फुगवून. मसालेभात मात्र त्यांनी दोनदा घेतला. सवयीने वाढायला उठलेल्या त्या आईला एका आजीने खांदा दाबून खाली बसवलं. "बस गो बाय, आज तुला कोन उठवत न्हाय. आमी वाढताव." पाठवणीला कोरडी राहिलेली ती बाई पहिल्या घासाला रडली. आजीने तिचे डोळे पुसले नाहीत. पानात आणखी बिरडं वाढलं.

तेव्हापासून कुठल्याही मांडवात झाकण उचलण्याआधी आत्याबाई ओरडतात, "घरच्या बायका जेवल्या का?" आणि पुरुषांनी दिलेलं उत्तर धरत नाहीत, आत जाऊन पाहून येतात.

त्या दिवशी परतताना टेम्पोत मी त्यांची चेष्टा करायला वळलो. त्या खाडीकडे बघत होत्या.

"जावईबापू, माझ्या लग्नात आई जेवली होती का हो?" त्यांनी विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता हळूच म्हणाल्या, "सांगायला आता कुणी उरलं नाही."