सहा खण घेऊन राजवाड्यात

जगातल्या कुठल्याही राजवाड्यात पाहुणी म्हणून नव्हे, तर मालकीण म्हणून शिरू शकतील अशा बाई मी एकच पाहिल्या आहेत, आणि त्या मारुंजीत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहतात. इमारत त्यांचीच. आम्ही भाडेकरू मुली त्यांना काकू म्हणतो. व्हिएतनाममधल्या ह्वे या जुन्या राजनगरीला मी खरं तर मैत्रिणीबरोबर जाणार होते. ऐनवेळी तिची सुट्टी रद्द झाली. मी जिन्यात उभी राहून फोनवर रडकुंडीला आले होते, ते ऐकून काकू म्हणाल्या, "मी येते की." लेकीच्या बाळंतपणासाठी दुबईला जाऊन आल्यामुळे पासपोर्ट त्यांच्याकडे होताच.

विमानतळावर त्यांनी मला आपली पिशवी उघडून दाखवली. आत सहा खण आणि एका पुडीत आंबेमोहर तांदूळ. काका गेल्यापासून नवरात्रात काकू गावच्या देवीची ओटी भरत नाहीत. देवळात जातात, इतर बायकांची ताटं धरतात, आणि परत येतात. "कुणी न्हाई म्हनलं न्हाई," त्या म्हणाल्या, "पर माझी बारी आली की समद्या गप व्हत्यात. मग मीच मागं सरते. तितं मला कोन वळखतंय? एखादी देवी घावंल का गं?" मी फोनवर शोधून नक्की सापडेल असं सांगितलं. इतक्या खात्रीने सांगितलं, की नंतर मलाच घोर लागला.

सावकाश बोललेली मराठी सगळ्या जगाला समजते, असा काकूंचा विश्वास आहे. मी इंग्रजीत एक वाक्य मनात जुळवेपर्यंत त्या सायकलरिक्षावाल्याला मुलं किती, शेती किती, हे विचारून मोकळ्या झालेल्या असायच्या. शिवाय निम्मं आयुष्य जमिनीच्या मोजणीवाल्यांच्या मागे चालण्यात गेल्यामुळे कुठलीही जागा पावलांनी मोजल्याशिवाय त्यांना दिसतच नाही. सिंहासनाच्या दालनात ते लाल खांब आणि सोनेरी ड्रॅगन बघून मी हरखून गेले होते. काकू ओठ हलवत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालल्या आणि म्हणाल्या, "बारा-तेरा गुंठं. राजाच्या मानानं लई न्हाई." पहारेकरी जवळ आला, तर त्यालाही मागच्या अंगाला पाणी मुरतंय, कौलं बघून घ्या, असं बजावलं. त्याने वाकून नमस्कार केला. मी तेव्हा खांबाआड होते.

राजमातेच्या महालात मात्र त्या एका तसबिरीसमोर थांबल्या. हिचा मालक कुठाय, असं विचारलं. तो आधीच वारला होता, मुलगा गादीवर बसला होता, असं मी सांगितलं.

"अन् तरी ही मधोमध बसलीया?"

राजा स्वतः तिच्या पाया पडायला यायचा, असं मी पाटीवरचं वाचून दाखवलं. काकूंनी तो महाल मोजला नाही.

दुपारी नदीकाठच्या देवळात देवी सापडली. पांढरीशुभ्र, उंच, हातात कलश. काकूंनी बाजारातून घेतलेला नारळ काढला, तांदूळ काढले, खण काढला, आणि सगळं माझ्या ओंजळीत ठेवून त्या दोन पावलं मागे सरल्या. "तू भर."

"नाही काकू," मी म्हणाले. "तुम्हीच." इतकं ठाम मी ऑफिसात कधी बोललेली नाही.

त्यांनी ओटी भरली. थोडे तांदूळ खाली सांडले. अंगण झाडणारी एक म्हातारी संन्यासिनी झाडू टेकवून आमच्याकडे आली, तेव्हा मी मनातल्या मनात इंग्रजीत माफी जुळवायला घेतली. तिने देवीच्या पायाशी ठेवलेला खण नीट सरळ केला, वेदीवरचं एक मोठं पपनस उचललं आणि काकूंपुढे धरलं. तिकडे असाच प्रसाद देतात, हे मला नंतर कळलं. काकूंनी हात पुढे केले नाहीत, पदर पसरला. संन्यासिनीने पपनस त्यात ठेवलं, थोडा विचार केला, आणि आणखी एक ठेवलं.

"हिला सांग..." काकू मला म्हणाल्या, आणि पदर सावरत वळल्या.

हॉटेल बरंच लांब होतं. ती दोन पपनसं त्यांनी पिशवीत टाकू दिली नाहीत, दोन्ही हातांनी पदरातच धरून नेली. मी वाटेत दोनदा रस्ता चुकले. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.