चन्नवीर आणि इरकली किडा

नवी पेठेत गुरुबसप्पांचं कापडाचं दुकान होतं आणि त्यात चन्नवीर नावाचा सेल्समन होता. साडी दाखवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण अर्धं लक्ष कायम भिंतीकडं. एखादा अनोळखी किडा चढताना दिसला, की अर्धी उलगडलेली साडी बाईच्या पुढ्यात तशीच टाकून गडी उठायचा. सूत मोजायचं घडीचं भिंग खिशात असायचंच. मालकानं ते दिलं होतं कापडाचे धागे मोजायला. ते धाग्यांपेक्षा किड्यांच्या पायांवरच जास्त फिरलं.

"तुला पगार मी देतो का झुरळं देत्यात?" गुरुबसप्पा विचारायचे. गिऱ्हाईकं हसायची, चन्नवीरही हसायचा.

पण त्याची किंमत लोकांना कळली होती. काडेपेटीत, पानाच्या पुडीत किडे बांधून माणसं दुकानात येत. माढ्याकडचा एक शेतकरी रुईवरची पट्ट्यापट्ट्यांची अळी घेऊन आला होता, घरातली बाई पार घाबरलीय म्हणून. चन्नवीरनं भिंग लावलं, अळी फिरवून फिरवून बघितली आणि सांगितलं, "हिचं फुलपाखरू हुतंय. जपून न्या, हुती तितं सोडा." तो चार-चारदा बघितल्याशिवाय कधी बोलायचा नाही. एखाद्याला म्हणायचा, परवा या, मला अजून खात्री न्हाय.

त्याच्याकडं किड्यांचं एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं. त्यातली चित्रं त्याला कळायची, मजकुराशी मात्र नुसती झटापट. नाव सापडलं नाही की तो स्वतःच बारसं करायचा, आणि जन्म कापडात गेलेला, त्यामुळं नावंही तसलीच. एक भुंगेरा जरीकाठ, एक पतंग मांजरपाट. पावसाळ्याच्या शेवटी दिव्याभोवती येणारा एक बारीक लांबट किडा होता. लांबून मुंगीच वाटावा. अंगावर एकाआड एक लाल-काळे पट्टे, आणि पंख आखूड चोळीसारख्या कवचाखाली घडी करून ठेवलेले. त्याचं नाव त्यानं इरकली ठेवलं होतं. हा किडा चावत नाही, नांगी मारत नाही, उलट पिकावरचे बारके किडे खातो, हे त्यानं स्वतः बघितलं होतं. त्यामुळं इरकलीवर त्याचा जीव.

घर लिंगायत. गळ्यात लिंग, आणि जीव म्हणून मारायचा नाही. पुस्तकात लिहिलं होतं, किडा मारून टाचणीला लावा आणि मग अभ्यास करा. ते पान चन्नवीर उलटून टाकायचा. तो किड्यावर पेला पालथा घालायचा, मन भरेपर्यंत बघायचा, खालून कागद सरकवायचा आणि खिडकीतून सोडून द्यायचा. "मला मारावं लागत न्हाय, बघून कळतंय," असं तो जरा तोऱ्यातच सांगायचा. चांगला नेम होता, मी नावं ठेवत नाही. पण वर्षानुवर्षं ओळखीच्या झालेल्या किड्याच्या पोटात काय भरलंय, हे त्याला ह्या नेमामुळंच कधी कळलं नाही.

बाळीवेशीजवळच्या दोन खोल्यांत तो, बायको चन्नम्मा, चार वर्षांची मुलगी महानंदा आणि त्याची थोरली विधवा बहीण निंगव्वा राहायचे. आई लहानपणीच गेली तेव्हा ह्या अक्कानंच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं. नवरा गेल्यावर ती भावाकडं आली. नणंद-भावजयीत धुसफूस असायची, नाही असं नाही, पण महानंदा आत्याला सोडून जेवायची नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी एकदा पाऊस मनासारखा झाला आणि भाद्रपदात दिव्याभोवती किड्यांचे थवे येऊ लागले. एका संध्याकाळी अक्का चुलीपुढं भाकरी थापत होती आणि महानंदा पाठीवर लोंबकळत होती. "गप बस, न्हायतर चटका देते बघ," अक्का म्हणाली. असं कुठल्या घरात म्हणत नाहीत? पोर खिदळली, जेवली, झोपली.

सकाळी तिच्या कानापासून हनुवटीपर्यंत लालभडक ओळ उठलेली. दुपारपर्यंत त्यावर फोड धरले. तापल्या उलथन्याची कड लावावी, तसंच दिसत होतं. चन्नम्मानं पोरीला मांडीवर घेऊन विचारलं, "आत्यानं चटका दिला का गं?" पोरीनं मान हलवली. रडणारं पोर कशालाही मान हलवतं. अक्का म्हणाली, "मी हात लावला न्हाय." एवढंच म्हणाली.

दोघीही चन्नवीरकडं बघायला लागल्या. न कळणारी गोष्ट ओळखायची म्हटलं की घरात तोच. आणि ह्या शहाण्यानं खिशातल्या भिंगाला हातसुद्धा लावला नाही. उभ्या उभ्या एकदा बघितलं आणि म्हणाला, "चटकाच हाय ह्यो."

 संध्याकाळी अक्कानं लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि अक्कलकोटच्या पलीकडं, दिराच्या घरी निघून गेली. चन्नवीरनं अडवलं नाही. राग होता, आणि लाजही होती. घर मात्र भकास झालं. महानंदा घास तोंडात धरून दाराकडं बघत बसायची.

थोड्याच दिवसांत एका सकाळी चन्नम्मा मानेला हात लावत उठली. मानेवर तशीच ओळ, तशीच आग. आरशात बघून ती मटकन खाली बसली. अक्का घरात नव्हती. मग चन्नम्माला कुणी भाजलं?  शेवटी चन्नवीरला आठवलं, आदल्या दिवशी दिवेलागणीला चन्नम्मानं मानेवर काहीतरी चापट मारून पुसलं होतं. त्यानं तिची चोळी झटकली. शिवणीत लाल-काळा तुकडा चिकटलेला होता. इरकली.

आता तुम्ही म्हणाल, आणखी काय पाहिजे होतं? उठायचं आणि पहिली गाडी धरायची. माझंही तेच म्हणणं आहे. पण चन्नवीरला खात्री पाहिजे होती. त्या संध्याकाळी तो दिव्याखाली बसला. इरकली आली. त्यानं गळ्यातल्या लिंगावर डावा हात ठेवला, डोळे मिटले आणि उजव्या हातानं तिला डाव्या दंडावर चिरडलं. जन्मात पहिल्यांदा त्यानं जीव मारला.  मग तो दंडाकडं बघत दिवस काढू लागला. आधी नुसता लाल डाग, मग आग, मग टपोरे फोड. फोड धरले तेव्हा तो ढसाढसा रडला. चन्नम्माही रडली. "जावा आणि घेऊन या त्यास्नी. म्या पाया पडते म्हणावं," ती म्हणाली.

अक्का दिराच्या ओसरीवर ज्वारी पाखडत बसली होती. भावाला बघून तिनं सूप खाली ठेवलं, पाणी दिलं. चन्नवीरनं सगळं सांगितलं. कीड कुठली, ती चिरडली की आतलं पाणी कातडीला कसं भाजतं, चन्नम्माच्या मानेवर काय झालं. मग सदऱ्याची बाही वर करून दंड दाखवला.

"पोरीचं बरं हाय का?" अक्कानं विचारलं.

"बरं हाय. डाग ऱ्हायलाय थोडा."

"जाईल. कवळं कातडं हाय."

ती आत जाऊन वाटीत तूप घेऊन आली आणि लहानपणी लावायची तसं हलक्या बोटानं त्याच्या दंडावर लावू लागली. चन्नवीरला वाटलं, झालं, मिटलं. "चल की अक्का," तो म्हणाला. "गाडी हाय आत्ता. महानंदा वाट बघतीया."

अक्कानं तूप लावणं थांबवलं नाही. "तम्मा," ती म्हणाली. धाकट्या भावाला ती कायम अशीच कानडीत हाक मारायची. "किडा खरा का खोटा बघाय तू सोताचा हात भाजून घेतलास. मी खरी का खोटी बघाय काय केलंस?"

चन्नवीर तिच्या बोटांकडं बघत राहिला. तिनं दंड पुसला, बाही खाली केली आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. तो गाडीची वेळ होईपर्यंत ओसरीवर बसून राहिला. मग महानंदासाठी अक्कानं बांधून दिलेले शेंगदाण्याचे लाडू घेऊन तो एकटाच एसटीत चढला.