नरसिंहपूरची गाडी

बारामतीच्या नव्या बसस्थानकात पाऊल टाकलं की हल्ली फरशी पुसल्याचा लिंबासारखा वास येतो. डिझेलचा येत नाही, हेच मला अजून पचत नाही. उंच छत, बसायला खुर्च्या, आणि समोर तांबड्या अक्षरांत धावणारा फलक: कुठली गाडी, कितव्या फलाटावर. बाहेर नीट पदपथ झालाय. म्हातारी माणसंसुद्धा मंडईतून पिशव्या भरून, कुणाचा धक्का न खाता परत येतात. गावाचं हे रूप पाहून मन सुखावतं. आणि, खरं सांगतो, माझी पंचाईतही होते. या फलकानं माझी कैक वर्षांची सबब हिरावून घेतली.

नरसिंहपूरला, संगमाच्या अलीकडं, माझ्या मावशीचं भाजीचं रान आहे. आईच्या अखेरच्या दुखण्यात सगळं तिनंच केलं. मी नोकरीच्या आडोशाला राहिलो. पुढं तिच्यासमोर बसायची छाती होईना. तेव्हा जुन्या स्थानकाचा गोंधळ माझ्या कामी आला. गाडी लागली नाही, लागली ती भरून गेली, इंदापूरलाच बंद पडली. मी फोनवर बिनदिक्कत सांगायचो आणि ती "बरं बरं" म्हणायची.

मावशी दर रविवारी कंडक्टरजवळ माझ्यासाठी पिशवी द्यायची. वांगी, गवार, वर कढीपत्त्याची डहाळी. आमच्याकडची रीतच अशी, की भरून आलेली पिशवी त्याच गाडीनं रिकामी माघारी जाते. ठेवून घेणं बरं दिसत नाही. ही रीत मी इमानानं पाळली. स्थानकात जायचो, भाजी माझ्या पिशवीत ओतायचो, मावशीची पिशवी घडी करून कंडक्टरच्या हाती द्यायचो, आणि घरी येऊन फोन लावायचो, "आज गाडीच आली नाही गं!" यात काही चुकतंय हे मला कधी जाणवलंही नाही. इतका मी हुशार.

गेल्या रविवारी विजेवरची नवी गाडी मांजरीच्या पावलांनी फलाटाला लागली. पिशवी देताना कंडक्टरबाई म्हणाल्या, "रिकामी करून द्या लवकर, गाडी सुटतीय." फलकावर नरसिंहपूर, आत खिडकीजवळची जागा मोकळी. काय झालं कोण जाणे, मी भरल्या पिशवीसकट गाडीत चढलो.

मावशी थांब्यावर उभी होती, रिकामी पिशवी घ्यायला. मला उतरताना पाहून पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आज गाडी लागली म्हणायची!"

बांधावरून चालताना मी एकदाचं बोललो. "मावशे, गाडी कायम लागत होती. मलाच तुझ्यापुढं यायची लाज वाटायची."

"ठावं हाय मला. पिशवी काय चालत येत हुती व्हय रं?"

"मग कधी बोलली का नाहीस?"

ती चालता चालताच म्हणाली, "बोलले असते तर पिशवी बी यायची थांबली असती. घडी घातलेली असायची, तुज्या आईवानी. तेवढ्यावर कळायचं, पोरगं बरं हाय." मग माझ्या हाताकडं बघून हसली. "आन् ही भाजी कशापायी माघारी आणलीस, येड्या?"

दुपारी त्याच वांग्यांचं भरीत आम्ही दोघांनी खाल्लं.

जुनं स्थानक गेलं, त्याच्याबरोबर माझी लपायची जागाही गेली. बरंच झालं. निघताना मावशीनं पुन्हा भरून दिलेली पिशवी आता रिकामी होऊन माझ्या दाराच्या खुंटीला आहे. घडी घालताना, कधी नव्हे ते, माझ्या हाताकडं मीच बघत राहिलो. ती या रविवारी गाडीनं परत जाईल, माझ्या मांडीवर बसून.