बाबांचा आवाज होता तोवर

बाबांना कंपवात आहे हे पक्कं झालं, त्या दिवशी रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. आज चालताना हात धरावा लागतो, पुढे आंघोळीला माणूस लागेल, मग घास गिळायलाही त्रास होईल. सोय आधीपासून लावून ठेवा, म्हणाले. मी मान डोलावली. भाऊ पुण्याला. तो फोनवर म्हणायचा, वेळ आली की बघू. वेळ तर रोजच येत होती, थोडी थोडी.

मी न्हाणीघरात भिंतीला दांडे बसवून घेतले. ते धरून उभं राहायची सवय होईपर्यंत बाबांच्या मुठीतली ताकद गेली. मग चाकांची खुर्ची आणली, पलंग समोरच्या खोलीत हलवला. काही आणलं की जरा हायसं वाटायचं आणि तेवढ्यात दुखणं आणखी पुढे सरकायचं. शाळेत शिकवून झालं की मी आईबाबांकडे जायची, अंधार पडल्यावर स्वतःच्या घरी. दोन्हीकडे मोरीत भांडी पडलेलीच असायची.

बाकी सगळं आई करायची. सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले, पण बाबांना बाहेरच्या माणसाचा हात लागायला नको, यावर ठाम. मी विषय काढला की उठून ओट्याकडे जायची.

शेवटी विषय बाबांनीच काढला. वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात त्यांचा जन्म गेला होता. सुरू असलेल्या ट्रकच्या घरघरीच्याही वर चढणारा त्यांचा आवाज आता अगदी जवळ बसून ऐकावा लागायचा. एका दुपारी जेवणं झाल्यावर ते मला म्हणाले, "मले बोलता येऊन राहिलं, तवरच मानूस ठेव. मंग त्याले कोन सांगन, मले कसं उठवाचं ते?"

आई ताट उचलता उचलता थांबली. "काहून? मी मेली का?"

"तू मरू नाही, म्हनूनच सांगून राहिलो," बाबा म्हणाले.

त्यानंतर दोन-तीन दिवस ती आम्हा दोघांशीही बोलली नाही. पण नाही म्हणाली नाही.

चाळिशीचा एक केअरटेकर मिळाला. बाबांनी त्याला एकेक गोष्ट सांगितली. उठवताना आधी डावा पाय खाली. चहा बशीत, कोमट. दाढी रोज, कोणी येवो न येवो. तो ऐकायचा, चुकला की पुन्हा विचारायचा. आई दारात उभी राहून सगळं बघायची. मग एकदा मी शाळेतून आले, तर ती आतल्या खोलीत झोपलेली. भरदुपारी झोपलेली आई मी कधी पाहिली नव्हती. तिला न उठवता मी बाहेर खुर्चीत टेकले आणि माझाही डोळा लागला.

पुढचंही विचारून घ्यावं, म्हणून एक दिवस मी हिंमत केली. "बाबा, घास उतरेनासा झाला, तर डॉक्टर नाकातून नळी टाकायला सांगतील. टाकायची का?"

त्यांनी मान खिडकीकडे वळवली. "तेवढं तुमी पाहा बाई. सारं माह्याच्यानंच नाही होत."

तेही थकले होते. मी पुन्हा विचारलं नाही.

यंदाच्या हिवाळ्यात आवाज गेला. ओठ हलतात, पण ऐकू काही येत नाही. उठणं, चहा, दाढी, सगळं त्यांनी सांगितलं तसंच चाललंय. पण वाटीभर पातळ वरणभात भरवायला तास लागतो, आणि मध्येच ठसका लागला की आई चमचा खाली ठेवून देते. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी नळीचं नाव काढलं.

भाऊ रजा काढून शनिवारी येतोय. फोनवर त्यानं विचारलं, तुला काय वाटतं. मी म्हटलं, तू ये आधी. आतल्या खोलीत बसून बोलू, असं मी आईला सुचवलं. ती म्हणाली, नाही, त्यांच्यासमोरच बसायचं. त्यांना ऐकू येतं.