गल्लीतले दोन सत्तेचाळीस

जयवंताबाई लोणारेंचं घर सत्तेचाळीस नंबरचं. त्याच गल्लीत, चौदा घरं सोडून, धम्मानंद शंभरकरांचं घर. तेही सत्तेचाळीसच. आता यात बाईंचा दोष नाही आणि शंभरकरांचाही नाही. एका वावराचे दोन तुकडे झाले, दोन सोसायट्यांनी ते घेऊन आपापल्या टोकापासून प्लॉट पाडले, आणि मधली गल्ली एक झाली. महापालिकेचा म्हणून एक तिसराच नंबर आहे, पण तो कराच्या पावतीवर सुखात पडून असतो, त्याला कोणी विचारत नाही. नागपुरात पत्ता म्हणजे प्लॉट नंबर. तो सांगितला की झालं.

शंभरकरांचा प्लॉट रिकामा होता तोवर कोणाचं काही अडलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी घर बांधलं आणि घोळ सुरू झाला. मोबाईलच्या नकाशात सत्तेचाळीस टाकलं की तो माणसाला जयवंताबाईंच्या फाटकाशी आणून सोडायचा. काहून, ते त्या नकाशालाच ठाऊक. शंभरकरांकडे माणसं भरपूर, म्हणून येणंजाणंही भरपूर. त्यांचं सिलिंडर, त्यांची पार्सलं, त्यांच्या लग्नपत्रिका, सगळं आधी इकडे. बाई फाटकाशी येऊन म्हणायच्या, "हे नाही बापा, ते तिकडचं, हिरव्या गेटवालं." आणि लगेच, "पाणी तं घेशीन?" नागपूरचं ऊन. पाण्याला नाही कोण म्हणणार? गिलास रिकामा होईपर्यंत गाव कोणतं, लग्न झालं का, आई काय करते, एवढं विचारून व्हायचं. कित्येक दिवस तेवढंच त्यांचं दिवसभराचं बोलणं.

बाई अडुसष्ट वर्षांच्या. सरकारी दवाखान्यात, ओपीडीच्या दाराशी उभं राहून त्यांनी एकतीस वर्षं लोकांची नावं पुकारली. घसा बसला तर आल्याचा तुकडा गालात धरून पुकारायच्या. नवरा देवराव अकरा वर्षांपूर्वी गेला. मूलबाळ झालं नाही. भाचा प्रशिक पुण्याला नोकरीला लागला. चौदा एप्रिलला जय भीम करायला त्याचा फोन यायचा, पुढे तोही सुटला. माणूस काही एका दिवसात एकटा पडत नाही, आणि पडला हे त्याला स्वतःला फार उशिरा कळतं. बाईंना कळलं होतं. फार वाईट वाटायचं त्यांना, पण सांगायचं कोणाला?

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला खेड्यापाड्यांतून लोक दीक्षाभूमीला येतात आणि नातेवाइकांकडे उतरतात. त्या दिवसांत वस्तीतल्या घराघरांत सतरंज्या कमी पडतात. सकाळी दहाला बाईंचं फाटक वाजलं. बाहेर नरखेडकडचा लहानू, त्याची बायको मीराबाई आणि गावातल्या दोन म्हाताऱ्या. लहानू हा धम्मानंदचा साळा, बहिणीच्या नव्या घरी पहिल्यांदाच येत होता. मोबाईल बंद पडलेला, चालून चालून सगळ्यांचे पाय सुजलेले.

"सत्तेचाळीस नंबर हाच ना जी?"

"हाच," बाई म्हणाल्या. "या."

यात खोटं काय बोलल्या? काहीच नाही. आधी पाणी देऊ, मग सांगू, असं त्यांनी ठरवलं. पाणी झाल्यावर ठरवलं, चहा झाल्यावर सांगू. चहा पिता पिता मीराबाईनं विचारलं, "आमचे जावई कुठी गेले? अन् ननंदबाई?" ही घरातलीच कोणी मोठी बाई असेल, असं ती धरून चालली होती.

"येतच असतीन," जयवंताबाई म्हणाल्या. हे मात्र खोटं होतं, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

मग त्यांनी भाकरी टाकल्या. इतक्या माणसांच्या भाकरी थापायची सवय मोडलेली, पहिल्या दोन तव्यावरच फाटल्या. वांग्याची भाजी केली, मिरच्या ठेचल्या. म्हाताऱ्यांच्या पायांना तेल कोमट करून लावलं. एक म्हातारी तिथंच घोरायला लागली. घरात कोणीतरी घोरतंय, हे ऐकत बाई ओट्यापाशी उगीच उभ्या राहिल्या.

तिकडे धम्मानंद दीक्षाभूमीच्या गर्दीत पाहुण्यांना शोधून शोधून वेडा व्हायचा बाकी होता. दुपारी तीनला तो गाडीवरून परत येत होता, तर लहानू बाईंच्या फाटकाशी दात कोरत उभा. धम्मानंद ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. खाली मान घालून म्हणाला, "काकू, सांगाचं तं होतं." बाईंचा चेहरा शरमेनं काळवंडला. मीराबाईनं पिशवी उचलली, दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "जाऊ द्या जी. पोट भरलं ना आमचं? कोणाचं का घर असना." आणि सगळे हिरव्या गेटाकडे गेले. ताटं घासायची राहिली होती, ती बाईंनी संध्याकाळपर्यंत तशीच ठेवली.

पुढच्या रविवारी विहारासमोर बैठक बसली. दोघांपैकी एकानं सत्तेचाळीस-अ व्हायचं, एवढं सगळ्यांना पटलं. पण कोणी व्हायचं?

धम्मानंद म्हणाला, "आमच्या सहा जणाइचं आधार, बँक, पोराइच्या शाळा, सगळीकडं सत्तेचाळीस लागलं आहे. काकूचं तसं नाही. त्याइच्याकडं येते कोण?"

तो वाईट माणूस नाही. सोयीचं होतं ते बोलला. पण कोणी त्याला गप्प केलं नाही, आणि बाईंना ते जास्त लागलं.

"माझ्याकडं पण येतात," त्या म्हणाल्या.

"मंग त्याइले कळवून देऊ ना, काकू. तुम्ही नावं लिहून द्या, आमची दीप्ती मोबाईलवरून सगळ्याइले पाठवून देईन. बुधवारी संमतीच्या कागदावर सही करा, झालं."

झालं कसलं? जयवंताबाई वही घेऊन बसल्या. प्रशिकचं नाव लिहिलं, फोन लावून पाहिला, तर हा क्रमांक अस्तित्वात नाही म्हणे. ओपीडीतली जोडीदारीण माया हिचं लिहिलं. माया लेकीकडे असते, तिला आता लेकही ओळखू येत नाही. दोन्ही नावं खोडली. पेन्शनवाले, लाइटवाले, गॅसवाले, ही काय माणसं झाली? एकदा मनात आलं, द्यावी खोटीच ठोकून दहा नावं. नावांना काय तोटा, आयुष्यभर नावंच तर घेतली. पण दीप्ती फोन नंबर मागणार, ते कुठून आणणार? नंबर बदलण्याचं त्यांना दुःख नव्हतं. अ लागो नाही तर ज्ञ लागो. पण भरसभेत माझ्याकडं येतात म्हटलेलं होतं, आणि कागद कोरा होता.

बुधवारी संध्याकाळी दीप्ती आली. शंभरकरांची थोरली, कॉलेजात शिकणारी, गोड पोरगी. बाईंनी सही करून दिली आणि वही पुढे केली. पानावर दोन नावं खोडलेली होती, तिसरं तेवढं शाबूत होतं.

दीप्तीनं वाचलं. "काकू, मीराबाई म्हणजे? ह्या तं आमच्या मामी."

"हो. नंबर तुह्याकडंच असन."

"पण मामी तं त्या दिवशी चुकून..." दीप्ती मधेच थांबली.

"म्हणून तं सांगून राहिली, बाई," जयवंताबाई म्हणाल्या. "आता पाटी बदलन, चुकून येता येणार नाही. लिही, जयवंताबाई सत्तेचाळीस-अ मंधी राहते. यायचं असन तं मुद्दाम या लागन."

दीप्तीनं मोबाईल काढला. मग तिनं जसंच्या तसं लिहिलं, पाठवलं, आणि वही मिटता मिटता विचारलं, "आणखी कोणाले, काकू?"

"बस," जयवंताबाई म्हणाल्या. "एवढेच."