रिकामी बाटली आणा

आमच्या सोसायटीचे किस्से माझ्या खोक्यासारखे आहेत. पलंगाखालच्या त्या खोक्यात मी टोपणं, नळ्या, संपलेल्या रिफिली टाकत राहतो. एक दिवस झाकण बसेनासं होतं. मग उपसावंच लागतं.

मी सातवी शिकलो. चेन्नईजवळ आवडी नावाच्या गावी कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर होतो. आता चेन्नईतच, वेलचेरी भागात मुलाकडे राहतो. दर रविवारी खालच्या हॉलमध्ये इमारतीतल्या मराठी मुलांकडून टाकाऊ वस्तूंची खेळणी करून घेतो. पहिलं खेळणं फुग्याची गाडी. बाटलीखाली दोन नळ्या, नळ्यांत सैल काड्या, काड्यांना टोपणांची चाकं, वर फुगा. हवा मागे सुटते, गाडी पुढे पळते. मुलांना लगेच कळलं. आईबापांना कळेना.

*

पहिल्या रविवारी सांगितलं होतं, येताना रिकामी बाटली आणा. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई लेकाला घेऊन आल्या. बाटली रिकामी, पण हाताला थंडगार लागली.

"यातलं सरबत कुठे गेलं?"

"सिंकमध्ये ओतलं, काका. घरात रिकामी नव्हती ना."

*

दुसऱ्या एका मुलाच्या वडिलांनी त्यावर कडी केली. ऑनलाइन 'टाकाऊतून टिकाऊ किट' मागवलं. आत बारा कोरी टोपणं, भोकं पाडलेली, प्रत्येक वेगळ्या पिशवीत.

मी म्हटलं, "अहो, भोक पोराने पाडायचं असतं. शिकायचं तेच आहे."

"पण काका, हा स्वच्छ कचरा आहे."

पिशव्या मात्र त्यांनी तिथेच जमिनीवर टाकल्या. मी उचलल्या.

*

मोटार कंपनीतले एक इंजिनिअर मुलीच्या हातातली गाडी काढून घेऊन स्वतःच करत बसले. मुलगी दोन तास नुसती बघत होती. त्यांनी काड्या बाटलीला चिकटवल्या आणि चाकं काड्यांना चिकटवली. फिरणार काय, कपाळ? फुगा फुस्स झाला, गाडी जागची हलली नाही.

मी विचारलं, "साहेब, तुमच्या कंपनीच्या गाड्या चालतात कशा?"

"मी सीट कव्हरच्या डिपार्टमेंटला आहे."

*

सोसायटीच्या सेक्रेटरींना रविवारचा हॉल योगा क्लासला द्यायचा होता. मला म्हणाले, "तात्ता, वार्षिक कार्यक्रमात पाहुण्यांसमोर गाडी चालवून दाखवा. चालली तर रविवार तुमचा. नाही तर योगाचा." तात्ता म्हणजे आजोबा. मी त्यांचा आजोबा नाही.

मुलांनी नऊ गाड्या केल्या. आदल्या संध्याकाळी हॉलमध्ये टेबलावर मांडून ठेवल्या. सकाळी बघतो तर टेबल रिकामं. वर नवा बॅनर, 'कचऱ्यातून विज्ञान'.

सेक्रेटरी म्हणाले, "पाहुणे येणार म्हणून हॉल साफ करून घेतला. इथे सगळा कुप्पै पडला होता."

कुप्पै म्हणजे कचरा. कचरागाडी येऊन सगळं घेऊनही गेली होती. छत्तीस वर्षांत माझं काम कुणी भंगारात काढलं नव्हतं. मुलं रडायला लागली. माझी नात मनवा रडली नाही. तिने कंपासपेटी उघडून आतली टोपणं मोजली. चार होती.

*

माझ्या खिशात दाभण असतं. तिने टोपणांना भोकं पाडली. उदबत्तीच्या जळलेल्या काड्या समईपाशी मिळाल्या, फुगा दारातल्या सजावटीच्या कमानीवरचा काढला, नळ्या शहाळेवाल्याकडून आणल्या. अडलं फक्त बाटलीपाशी. कार्यक्रम प्लास्टिकमुक्त, म्हणून सगळ्यांना स्टीलचे पेले. पाहुण्यांना मात्र सीलबंद बाटली.

पाहुण्यांचं भाषण सुरू झालं. नऊ मुलं पहिल्या रांगेत बसून त्या बाटलीकडे बघत होती. पाहुणे एक घोट घेत आणि पुन्हा पर्यावरणावर बोलू लागत. शेवटी त्यांनीच विचारलं, "काय बघताय, मुलांनो?"

मनवा उभी राहून तमिळमध्ये म्हणाली, "अंकल, पाणी लवकर संपवा ना."

पाहुणे हसले, एका दमात पाणी प्यायले आणि बाटली तिच्या हातात दिली.

पाच मिनिटांनी गाडी स्टेजपासून निघाली ती थेट सेक्रेटरींच्या खुर्चीखालून पलीकडे गेली. त्यांनी पाय वर घेतले.

पाहुण्यांनी विचारलं, "हे कोण शिकवतं?"

सेक्रेटरी पाय खाली ठेवून उभे राहिले. "आमची असोसिएशन, सर. दर रविवारी, याच हॉलमध्ये."