सुट्टीत जायचं कुठे

अंगानं इतकी किडकिडीत, की शाळेत सगळे तिला टाचणीच म्हणायचे. बाप गेल्यावर महिनाही उलटला नाही, तोच सख्ख्या काकानं त्यांच्या खोलीला कुलूप ठोकलं. "वहिनी, तुमची सोय तुम्ही बघा," एवढंच म्हणाला, तेही नजर चुकवून. मायलेकी पिशव्या उचलून सरकारी दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात जाऊन बसल्या, त्या तिथल्याच झाल्या.

रखवालदारानं हटकलं, "पेशंट कोण?"

"हिचे वडील," आई म्हणाली. गेलेल्या नवऱ्याला तिनं असं वर्षानुवर्षं आजारी ठेवलं. रखवालदाराच्या ते ध्यानात आलं असावं, पण त्यानं पुन्हा विचारलं नाही.

आई दिवसभर लाँड्रीत इस्त्री करायची. टाचणी बाकड्यावर बसून गणितं सोडवायची. शेजारी कुणाचं माणूस गेलं, की घरचे धाय मोकलून रडत. तेव्हा हिला पान उलटायचीही लाज वाटे. पण उलटायची.

देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या विद्यापीठात तिचा नंबर लागला. फी माफ झाली, वसतिगृहात खोली मिळाली. मोठे पाहुणे आले की तिला उभं करून तिची कहाणी सांगायला लावत. पाहुणे डोळे पुसत आणि चहाला जात. आई आता कुठे राहते, हे कुणी विचारलं नाही.

पहिली मोठी सुट्टी लागली, तशी वॉर्डनबाईंनी खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या.

"बाई, मी इथेच राहू का?"

"एकटीसाठी वसतिगृह उघडं ठेवायचं? घरी जा की. आई वाट बघत असेल."

"घर नाही म्हणून मागच्याच आठवड्यात पाहुण्यांसमोर सांगितलं ना मी."

"हो गं, फार छान बोललीस," बाई म्हणाल्या आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

ती सुट्टी तिनं आईशेजारी बाकड्यावर काढली. पुढच्या सगळ्या सुट्ट्याही तिथेच.

नोकरी लागल्याबरोबर टाचणीनं खोली घेतली, जाड गादीचा पलंग आणला. पण आईला आडवं पडून झोपच येईना. ती उठायची, भिंतीला टेकून बसायची, पायांत पिशवी घट्ट धरायची, तेव्हा कुठे डोळा लागायचा. टाचणीनं आधी समजावलं, मग ती चिडायला लागली. एकदा फाडकन बोलून गेली, "आई, आता तरी माणसासारखी झोप ना."

आई गुपचूप आडवी झाली, डोळे मिटून घेतले आणि उजाडेपर्यंत तशीच जागी राहिली.